९६ मोठे की १८४०?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यातल्या एका संस्थेत यंदापासून उत्तम संशोधनाचा पुरस्कार सुरू होतोय. निवड समितीवर असलेल्या, संख्याशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलंय: ‘शेवटच्या फेरीत तीन नावं उरलीत. जीवरसायनशास्त्राच्या मॅडमच्या पाच वर्षांतल्या पेपरांना १८४० सायटेशन्स (म्हणजे इतरांच्या पेपरांत आलेले संदर्भ) आहेत, गणिताच्या सरांच्या पेपरांना ९६ आणि संस्कृतच्या मॅडमच्या लेखनाला ४. अध्यक्ष म्हणतात, आकडे समोर आहेत, बैठक कशाला लांबवायची? गणिताचे सर म्हणतात, आमच्यात ९६ म्हणजे डोक्यावरून पाणी. सर, तिघांना एका पातळीवर आणणारं काही गुणोत्तर आहे का?’

आहे. सात-आठ आहेत, पण तिघांनाही लागू पडेल असं त्यातलं एकही नाही. जीवरसायन आणि गणित यांची तुलना बरीचशी नीट करता येते, एका दुपारचं काम आहे. संस्कृतचं शेवटी बघू. तिथे मी जरा लांबण लावणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

मार्च १९४७. रणजी करंडकाचा अंतिम सामना, आपल्याच बडोद्यात, समोर होळकरांचा संघ. विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. गुल महंमद ३१९, हजारे २८८. आज टी-ट्वेंटीत एखाद्याने तीस चेंडूंत ७२ केल्या, तर हजाऱ्यांची खेळी त्याच्या चौपट चांगली, असं आपण म्हणत नाही. आपण विचारतो की त्याच सामन्यात, तेवढ्याच षटकांत बाकीच्यांनी किती केल्या. सायटेशनची तुलना करताना हाच प्रश्न विचारायचा. सामना म्हणजे विषय, आणि षटकं म्हणजे पेपर छापून झाल्यापासूनची वर्षं.

विषयाविषयांत एवढा फरक का पडतो, हे समितीत कोणीतरी विचारेलच. त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं: जीवशास्त्रात माणसं जास्त, म्हणून सायटेशन्स जास्त. हे उत्तर चुकीचं आहे, आणि तुम्ही संख्याशास्त्राच्या असल्यामुळे ते खोडून काढायला तुम्हाला पाच मिनिटं लागतील. सायटेशन हा जमाखर्च आहे. एकाच्या खात्यात जमा होतं ते दुसऱ्या कोणाच्या तरी संदर्भयादीतून खर्ची पडलेलं असतं. समजा एका विषयात वर्षाला १०० पेपर निघतात आणि प्रत्येकात त्याच विषयातल्या अलीकडच्या ३० पेपरांचे संदर्भ असतात. म्हणजे वर्षाला ३००० सायटेशन्स वाटल्या गेल्या आणि पेपरमागे सरासरी ३० आल्या. विषय दुप्पट झाला तर वाटप ६००० होईल, पण घेणारेही २०० होतील. सरासरी पुन्हा ३०च. आकाराने सरासरी हलत नाही. सगळ्यात वरच्या पेपरचा आकडा मात्र फुगतो, मोठ्या शहरातला सगळ्यात श्रीमंत माणूस छोट्या गावातल्यापेक्षा श्रीमंत निघतो तसा. विषय झपाट्याने वाढत असेल तर थोडा अपवाद करावा लागतो, कारण तेव्हा आजचे देणारे जास्त आणि कालचे घेणारे कमी असतात.

सरासरी खरी हलते ती संदर्भयादीच्या लांबीने. त्यातही त्या यादीतलं किती अलीकडचं आहे आणि किती सायटेशन मोजणाऱ्या डेटाबेसमध्ये आहे, यावर अवलंबून. गणिताचा एखादा पेपर उघडून बघा. वीस-बावीस संदर्भ, त्यात चार पुस्तकं, सहा-सात पेपर लेखकाच्या जन्माआधीचे. गेल्या पाच वर्षांतल्यांच्या वाट्याला जेमतेम मूठभर. जीवरसायनाच्या पेपरमध्ये पन्नास-साठ संदर्भ सहज असतात आणि बरेचसे ताजे. शिवाय तिथे वापरलेल्या पद्धतीला सायटेशन द्यायची रीत आहे. ऑलिव्हर लोरी आणि सहकाऱ्यांचा प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरचा १९५१ चा पेपर तीन लाखांहून अधिक वेळा सायट झालाय. गणितात पायथागोरसला कोणी सायटेशन देत नाही. आणि ग्रिगोरी पेरेलमन यांनी प्वांकारेची अटकळ हा गणितातला जुना अवघड प्रश्न सोडवणारे तीन लेख २००२-०३ मध्ये नुसते आर्काइव्ह (arXiv) या खुल्या संकेतस्थळावर टाकले, जर्नलला पाठवलेच नाहीत. फक्त जर्नलं मोजणाऱ्याच्या वहीत त्या तीन लेखांसाठी ओळच नाही.

आता हिशेब. सगळ्यात साधी पद्धत अशी: पेपरला मिळालेल्या सायटेशन्सना त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या पेपरांच्या सरासरीने भागायचं. रॅडिकी, फॉर्चुनाटो आणि कॅस्टेलानो यांनी २००८ मध्ये दाखवलं की असा भागाकार केल्यावर वेगवेगळ्या विषयांचे आलेख जवळजवळ एकावर एक बसतात. पुढे नेदरलँड्समधल्या लायडेन विद्यापीठाच्या वॉल्टमन मंडळींनी जास्त विषय घेऊन तपासलं, तेव्हा सगळेच विषय तसे बसत नाहीत असं दिसलं. विशेषतः जिथे मुळात सायटेशन्स कमी, तिथे गडबड होते. तरी सुरुवात इथूनच करावी.

तुम्ही जोडलेला तक्ता पाहिला. जीवरसायनाच्या मॅडमचे ३१ पेपर. १८४० पैकी ६४० सायटेशन्स एका रिव्ह्यू लेखाच्या (इतरांच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या) आहेत आणि ५१० एका बहुकेंद्री अभ्यासाच्या, ज्यावर ७० लेखक आहेत. उरलेल्या २९ पेपरांना मिळून ६९०. गणिताच्या सरांचे आठच पेपर, त्यातल्या २०२० च्या एकाला ४१. विषयाच्या सरासऱ्या तुम्हाला डेटाबेसमधून काढाव्या लागतील. इथे नुसती रीत दाखवायची म्हणून मी २०२० साठी जीवरसायनात साध्या पेपरची ३०, रिव्ह्यूची ८० आणि गणितात ५ धरतो. गणिताचा तो पेपर: ४१ भागिले ५, म्हणजे ८.२. मॅडमचा रिव्ह्यू: ६४० भागिले ८०, म्हणजे ८. त्यांच्या २०२० च्याच एका साध्या पेपरला ६६ सायटेशन्स आहेत, तो २.२ वर येतो. वीसपटीचा फरक वाटत होता तो दोघांच्या सगळ्यात चांगल्या कामापुरता पुसला गेला. रिव्ह्यूला साध्या पेपरच्या सरासरीने भागलं असतं तर २१ आले असते आणि आपण पुन्हा फसलो असतो. रिव्ह्यू लेखांना सायटेशन्स जास्त मिळतातच, लोक दहा मूळ पेपरांऐवजी तो एकच देऊन मोकळे होतात.

७० लेखकांच्या पेपरचं काय करायचं ते समितीने आधी ठरवावं, नावं बघून नव्हे. लेखकसंख्येने भागलं तर वाट्याला सातच्या आसपास येतात. हे काहींना कंजूषपणाचं वाटेल. पण २०१५ मध्ये हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर एक पेपर आला, त्यावर ५१५४ लेखक होते. तेहतीस पानांपैकी चोवीस पानं नावं आणि संस्थांची. न भागता पूर्ण श्रेय प्रत्येकाला द्यायचं म्हटलं तर एकाच पेपरचं श्रेय पाच हजार वेळा मोजलं जाणार. आणि गणितात लेखकांची नावं वर्णानुक्रमे लावतात, तेव्हा ‘पहिला लेखक’ हा निकष तिथे लावू नका. आडनाव ‘अ’ने सुरू होणाऱ्याचा उगाच फायदा.

इथे माझी एक जुनी चूक सांगतो. नव्वदच्या दशकात, दुसऱ्या एका शहरातल्या ग्रंथालयात असताना, अशाच एका समितीसाठी मी तक्ता केला होता. विषयाची सरासरी कुठून आणायची? तेव्हा सायटेशन इंडेक्सचे, म्हणजे कोणी कोणाला सायट केलं त्या सूचीचे, जाडजूड छापील खंड असायचे, अक्षर मुंगीएवढं, बाजूला भिंग ठेवून वाचायचो. मला सोपा उपाय सुचला: ज्या जर्नलमध्ये पेपर आला त्याच्या इम्पॅक्ट फॅक्टरने भागायचं. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे त्या जर्नलमधल्या पेपरांच्या सायटेशन्सची सरासरीच की! तक्ता देखणा झाला, समिती खूश. पहिला नंबर आला तो एका गृहस्थांचा, ज्यांनी सगळे पेपर अगदी सुमार जर्नलांत छापले होते आणि ज्यांचे दोन-तीन पेपर तिथल्या मानाने बरे चालले होते. विषयातल्या सगळ्यात कडक जर्नलमध्ये छापणाऱ्या बाई खाली गेल्या, कारण त्यांची तुलना मी त्या जर्नलमधल्या इतर दिग्गजांशी लावली होती. तिथल्या सरासरीइतकंच काम म्हणजे १.०. वेशीजवळच्या सोसायटीत उंच वाटणारं घर आणि लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातलं बसकं घर, अशी ती तुलना झाली. त्या बाई एक अक्षर बोलल्या नाहीत, त्यामुळे ते अजून टोचतं. तेव्हा भागायचं ते विषयाच्या सरासरीने, जर्नलच्या कधीच नाही.

सरासरीतही एक खड्डा आहे. एका विषयातले दहा पेपर घ्या: ०, ०, १, १, २, २, ३, ४, ७, ८०. बेरीज १००, सरासरी १०. सातवाल्याचं गुणोत्तर ०.७, म्हणजे कागदावर तो ‘सरासरीहून कमी’. प्रत्यक्षात दहांपैकी आठांच्या पुढे! हे उदाहरण मी मुद्दाम वाकडं केलेलं नाही, सायटेशन्स अशाच वाटल्या जातात. नॉर्वेच्या पेर सेगलेन यांनी नव्वदच्या दशकात जे नमुने तपासले त्यांत वरच्या १५ टक्के पेपरांकडे निम्म्या सायटेशन्स गेल्या होत्या. म्हणून मी गुणोत्तरापेक्षा पर्सेंटाइलवर जास्त भरवसा ठेवतो. आपल्याकडे जेईई आणि कॅटमुळे पर्सेंटाइल शेंबड्या पोरालाही कळतं, समितीला समजवायचा त्रास नाही. पेपर आपल्या विषयात, आपल्या वर्षीच्या पेपरांत वरच्या १० टक्क्यांत आहे का, वरच्या १ टक्क्यात आहे का, एवढं विचारायचं. ८० चे ८०० झाले तरी त्याची जागा तीच राहते, एका पेपरच्या वादळात बाकीचे वाहून जात नाहीत.

सरासरी गुणोत्तर काढायचंच असेल तर आधी प्रत्येक पेपरचा भागाकार, मग सरासरी. सगळ्या सायटेशन्सची बेरीज भागिले सगळ्या अपेक्षांची (म्हणजे विषयांच्या सरासऱ्यांची) बेरीज असं करू नका. एकाचे दोन पेपर आहेत: अपेक्षा ३० तिथे ६०, अपेक्षा २ तिथे ८. पहिल्या रीतीने २ आणि ४ ची सरासरी ३. दुसऱ्या रीतीने ६८ भागिले ३२, म्हणजे २.१. कमी सायटेशनच्या विषयातलं काम दुसऱ्या रीतीत बुडतं. लायडेन विद्यापीठाचं सायटेशन-अभ्यासाचं केंद्र वर्षानुवर्षं दुसरी रीत वापरत होतं, २०१० च्या सुमारास त्यावर भांडण झालं आणि त्यांनी ती बदलली.

आतापर्यंत मी ‘विषय’ हा शब्द असा वापरला जणू पेपरच्या कपाळावर तो लिहिलेला असतो. सगळ्यात निसरडी जागा हीच. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना ग्रंथालयं उभी करायला बोलावलं, आणि त्यांनी ड्युई आणि कटर यांच्या पद्धतींचा मेळ घालून बडोद्यासाठी वेगळं वर्गीकरण बसवलं. वर्गीकरण करणाऱ्या कोणालाही विचारा, पुस्तक एक आणि फडताळं दोन ही अडचण रोजची आहे. समजा गणिताच्या सरांचा तो ४१ वाला पेपर साथीच्या प्रसाराच्या मॉडेलवर असेल. गणिताच्या फडताळात तो ८.२. रोगपरिस्थितीविज्ञानाच्या, म्हणजे रोगांच्या प्रसाराच्या अभ्यासाच्या, फडताळात, त्या वर्षी तिथली सरासरी समजा ४० असेल, तर तो १ च्या जरासा वर. पेपर तोच, अल्पविराम बदललेला नाही. आणि २०२० ला साथीवरच्या लेखनाला कसा पूर आला होता हे सांगायला नको. अशा वेळी मी त्या पेपरची संदर्भयादी बघतो. तो ज्यांना सायट करतो तेच त्याचे शेजारी. वीसपैकी पंधरा संदर्भ गणिताचे असतील तर गणित. नसतील तर सरांनाच विचारा, पण आकडा सांगण्याआधी.

यावरूनच सुचलेली दुसरी रीत म्हणजे विषय ठरवायचाच नाही. सायटेशन देणाऱ्याच्या यादीत ५० संदर्भ असतील तर त्याच्या एका सायटेशनचं वजन पन्नासावा भाग, २० असतील तर विसावा. जर्नलांसाठीचा हेंक मूड यांचा स्निप हा आकडा याच विचारातून आला. कल्पना मला फार आवडते, पण एकेका माणसासाठी हाताने करायला वेळखाऊ आहे. एच-इंडेक्सचा (१० म्हणजे निदान १० सायटेशन्स असलेले १० पेपर) विषय इथे काढूच नका. हर्श यांनी २००५ मध्ये तो मांडला तेव्हाच वेगवेगळ्या विषयांत त्याचे आकडे वेगळे पडतात हे त्यांनी नोंदवलं होतं. आपल्याकडे मूल्यांकनाच्या अर्जात त्याचा रकाना आला आणि मग सगळ्यांनाच ते विसरायला झालं.

गणिताच्या बाजूने मी एवढा बोललो, तर उलटी बाजूही सांगायला हवी. जिथे सरासरी ५ आहे तिथे चार मित्रांनी मिळून एकमेकांना सायट केलं की माणूस रातोरात जगातल्या वरच्या १ टक्क्यात जातो. जीवरसायनात तेवढ्यासाठी मोठी फौज लागेल. क्लॅरिव्हेट कंपनीने २०२३ च्या सर्वाधिक सायट झालेल्या संशोधकांच्या यादीतून गणित हा विषयच वगळला, कारण असे खेळ ओळखून काढणं कठीण झालं होतं. तेव्हा सरांच्या त्या ४१ सायटेशन्स कोणाच्या आहेत ते डोळ्यांखालून घाला. स्वतःच्या किती, सहलेखकांच्या किती, एकाच जर्नलमधून आलेल्या किती. दहा मिनिटं लागतात. जीवरसायनाच्या मॅडमच्या बाबतीतही करा, नाहीतर पक्षपात दिसेल.

कामाची सोय अशी. ग्रंथालयाकडे स्कोपस या डेटाबेसवर चालणारं सायव्हॅल असेल तर विषय, वर्ष आणि लेखप्रकार यांनुसार भागलेला आकडा तिथे तयार मिळतो. नसेल तर ओपनअॅलेक्स हा डेटाबेस आहे. २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, तिथेही असा आकडा आणि पर्सेंटाइल दोन्ही दिसतात. फक्त माणूस तोच आहे ना, हे बघा. गुजरातेत ‘जे. पटेल’ नावाने शोधलंत तर पाच जणांचे पेपर एका खात्यात गोळा झालेले दिसतील. आपले जोशी-देशपांडेही त्यातून सुटत नाहीत. ऑर्किड (ORCID) या संशोधकाच्या ओळख क्रमांकावरून शोधा किंवा यादी संशोधकाकडूनच मागवा. ज्या पेपरला तीन वर्षं पूर्ण झाली नाहीत त्याचा आकडा धरू नका. गणितात तर पाचही कमीच. नवे पेपर वाचूनच ठरवावे लागतील, त्याला इलाज नाही. आणि प्रत्येकाकडून सगळी यादी न घेता त्याने निवडलेले पाच पेपर घ्या. ३१ विरुद्ध ८ हा वाद तिथेच मिटतो.

आता संस्कृतच्या मॅडम. चार सायटेशन्स. बडोद्यातल्या आपल्या लोकांना हे समजायला हरकत नाही, कारण याचं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्याच गावात आहे. प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती काढली. सात कांडं, १९६० ते १९७५ मध्ये छापून आली. वेगवेगळ्या लिपींतल्या पोथ्या समोर ठेवून एकेका श्लोकाचे पाठभेद तपासायचे, कोणता शब्द मूळचा आणि कोणता मागाहून घुसला हे ठरवायचं, आणि न घेतलेले पाठही खाली टीपेत द्यायचे. रामायणावर गंभीरपणे लिहिणारा जगातला कोणीही अभ्यासक आज त्या आवृत्तीशिवाय पुढे जात नाही. आणि तो संदर्भ कसा देतो? कांड, सर्ग, श्लोक असे तीन आकडे, मध्ये टिंबं. डेटाबेसला त्यातलं काही कळत नाही. फार तर त्याचं श्रेय वाल्मीकींच्या नावावर जमा होईल, आणि त्यांना पुरस्काराची गरज नाही. संपादकांच्या खात्यात शून्य.

मॅडमचं काम याच जातीचं असणार. पोथीचं संपादन, संस्कृत किंवा गुजरातीतला एखादा लेख, पुस्तकातलं प्रकरण, शंभर वर्षं वापरात राहील अशी एखादी सूची. त्यांना सायट करणारी पुस्तकं त्या डेटाबेसमध्ये नाहीत आणि त्या स्वतः ज्यांना सायट करतात तेही नाहीत. वर सांगितलेला जमाखर्च तिथे लागतच नाही, कारण वहीच दुसऱ्याच्या दुकानातली आहे. समजा संस्कृतची सरासरी ०.५ धरली, तर चारला तिने भागून आठ काढणं गणिताने जमेल, पण ते आठ कशाचे हे कोणाला सांगता येणार नाही. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये सायटेशन इंडेक्सची कल्पना मांडली ती विज्ञानाच्या वाङ्मयासाठी, जुन्या पेपरवर पुढे काय झालं हे शोधता यावं म्हणून. पोथ्या त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हत्या. मॅडमसाठी बाहेरचे दोन जाणकार नेमा, पुण्याच्या भांडारकर संस्थेसारख्या ठिकाणी हे काम वाचू शकणारी माणसं आहेत. त्यांना आकडा मागू नका. या कामामुळे आधी नसलेलं काय हाती आलं, ते एका पानात लिहून मागा.

अध्यक्ष हट्टाला पेटले तर त्यांच्यापुढे ठेवायला एक कागद आहे. २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये छापलेला लायडेन जाहीरनामा. दहा तत्त्वं आहेत. विषयाविषयांतल्या रीतींचा फरक लक्षात घ्या हे त्यातलं एक, आणि स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला जपा हे दुसरं. मोठ्या जर्नलचं नाव बघितलं की अध्यक्ष मंडळी जरा मऊ होतात, असा माझा अनुभव आहे.

आणि तक्ता कराल तेव्हा संस्कृतच्या ओळीत सायटेशनच्या रकान्यात शून्य लिहू नका, चारही लिहू नका, रेघ मारा. एक्सेल शून्य सरासरीत धरतं, रेघ धरत नाही.